गंज काढा, लोखंड राखा

चंद्रपूरच्या हवेत लोखंड लवकर म्हातारं होतं. मे महिन्यात पारा 47-48 अंशांवर जातो, तेव्हा उन्हातल्या मोटारसायकलच्या टाकीला हात लावता येत नाही. रबर तडकतं, रंगाला बारीक चिरा पडतात. पुढे मृग लागतो आणि त्याच चिरांतून पाणी आत शिरतं. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड झपाट्याने गंजतं, आणि इथे पावसाळाभर ती बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. त्यात कोळशाची भर. दुर्गापूर, पद्मापूर, लालपेठ, घुग्घुस, सास्तीच्या खाणी, ऊर्जानगरचं 2920 मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र, गडचांदूर-आवारपूरकडचे सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात 83.88 गुणांसह चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड ओल्या हवेत आम्ल बनतो आणि राखेचा थर ती ओल धातूला चिकटवून ठेवतो. अंगणात उभ्या गाडीच्या हँडलवर सकाळी बोट फिरवलं, तर बोटाला राखाडी भुकटी लागते. ती रोज पुसणाऱ्याची गाडी टिकते, न पुसणाऱ्याच्या क्रोमवर दुसऱ्या पावसाळ्यात तांबूस टिपके उठतात.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेलं की धूर कमी होतो आणि ओल वाढते. आलापल्ली, एटापल्ली, भामरागडच्या जंगलात पाऊस थांबला तरी पानांतून पाणी ठिबकत राहतं. कुडाच्या भिंतीला टेकवलेली गाडी चार महिने कोरडी होत नाही. भामरागडला तर पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की वाट बंद होते, हे दरवर्षीचंच. 2019 च्या पावसाळ्यात ते गाव पुन्हापुन्हा पाण्याखाली गेलं. पुराचं पाणी ओसरल्यावर घरातलं धान्य, कपडे, भांडी बाहेर काढली जातात आणि सगळ्यात शेवटी, गाळाने भरलेली फटफटी.

या दोन जिल्ह्यांत जुन्या मोटारसायकलींच्या धातूची निगा राखणं हा हौसेचा विषय म्हणून पाहिला जातो. मला तो तेवढाच वाटत नाही. वीस-तीस वर्षं चाललेली गाडी अजून वीस वर्षं चालू शकते, आणि ती चालेल की भंगारात जाईल हे बहुधा इंजिनावर ठरत नाही. टाकीच्या आतला गंज, मडगार्डच्या कडेची पापडी, अडकलेला एक स्क्रू, चुकीच्या आम्लात बुडवलेला एक सुटा भाग, अशा गोष्टींवर ते ठरतं. पावसाने पन्नास वर्षांत केलं नाही तेवढं नुकसान घाईने केलेली एका दुपारची सफाई करते. म्हणून हा लेख.

गंज म्हणजे काय, हे या भागात डोंगराकडे बोट दाखवून सांगता येतं. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडचं हेमॅटाइट आणि मडगार्डखालून सुटणारी लाल पापडी हे दोन्ही आयर्न ऑक्साइड. गंजात पाण्याचा अंश असतो, एवढाच मुख्य फरक. खनिजातून ऑक्सिजन काढायला भट्टी आणि कोळसा लागतो. तो परत चिकटायला नुसती ओली हवा पुरते. लोखंडाचा आणि या मुलुखाचा संबंध जुना आहे. 1882 मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागातल्या लोहखनिजावरचा अहवाल आला. लोहारा गावच्या खनिजाचं त्यातलं वर्णन वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याचं बीज पडलं. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो उपयोगी ठरला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. एम. वेल्ड हे अमेरिकन तज्ज्ञ टाटांसाठी पुन्हा चांद्याच्या जंगलात फिरले, पण कारखाना अखेर साकचीला उभा राहिला. आज त्या गावाला जमशेदपूर म्हणतात.

इथल्या जुन्या गाड्यांत राजदूत, येझदी आणि बुलेट ही तीन नावं पहिली. राजदूत 175 एस्कॉर्ट्स कंपनीने 1962 पासून बनवायला घेतली. तिचा मूळ आराखडा पोलंडच्या एसएचएल गाडीचा. टू-स्ट्रोक इंजिन, सुटे भाग मोजके, चिखलात अडकली तरी दोघांनी उचलावी अशी. ग्रामसेवक, मास्तर, वनरक्षक, दूधवाले, तेंदूपत्त्याच्या फडावर फिरणारे मुनीम यांना ती परवडली. येझदी आणि तिच्या आधीची जावा म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर 1961 च्या सुमारास तिथे उत्पादन सुरू झालं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. किक मारायची आणि गिअर टाकायचा दांडा एकच, डावीकडे. किक मारून झाली की तो दांडा पुढे वळवला की गिअर. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया सुरू होतात, नाटकं लागतात. थंडीत रात्रभर नाटक बघून पहाटे गावी परतणाऱ्या तीन-तीन जणांना याच गाड्यांनी वाहिलं. मागून आलेली यामाहा आरएक्स 100 (1985 ते 1996) आता तरुण पोरांच्या डोक्यात बसली आहे, आणि तिच्या किमती अशा चढल्या आहेत की गंजलेला सांगाडाही कोणी सोडत नाही.

या गाड्यांचा पत्रा जाड होता. आजच्या गाडीचं मडगार्ड प्लास्टिकचं असतं, फुटलं की नवं घ्यायचं. राजदूतच्या मडगार्डचा वरचा एक थर गंजून गेला तरी खाली धातू शिल्लक असतो. जुन्या गाडीचं पुनरुज्जीवन शक्य होतं ते याच शिल्लक धातूमुळे. हाती आलेला प्रत्येक भाग बघताना विचार हाच करायचा, की यात धातू किती उरला आहे आणि माझ्या घासण्याने त्यातला किती जाणार आहे.

मूल गावच्या एका जुन्या मिस्त्रींकडे हे काम मी जवळून पाहिलं. त्यांच्या हाताशी कायम एक लोहचुंबक असतं, फुटलेल्या स्पीकरमधून काढलेलं. गाडी खोलताना सुटलेला प्रत्येक भाग ते चुंबकाला लावून बघतात. चिकटला तर लोखंड किंवा पोलाद, तो एका घमेल्यात. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, पितळ किंवा जस्ताचा मिश्रधातू, तो दुसऱ्यात. क्रोम केलेले भाग चुंबकाला चिकटतात, पण त्यांचं घमेलं तिसरं. कारण विचारलं तर ते एवढंच म्हणतात, की प्रत्येक धातूचं औषध वेगळं आहे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष आहे. हे शब्दशः खरं आहे. कॉस्टिक सोडा लोखंडावरचा रंग आणि जुनं ग्रीस सोडवतो, पण त्याच बादलीत ॲल्युमिनियमचं क्लचकव्हर टाकलं तर पाणी फसफसतं, हायड्रोजन सुटतो आणि कव्हर काळं पडून झिजतं. हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे संडास धुवायचं ॲसिड, गंज मिनिटांत खातं आणि पाठोपाठ चांगलं लोखंडही खातं. त्याच्या वाफेने शेजारच्या फळीवर ठेवलेली हत्यारंसुद्धा दुसऱ्या दिवशी गंजतात. कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा, तो कुठल्याही तीव्र आम्लात टिकत नाही.

खोलायच्या आधी फोटो काढावेत, वायर कुठून कुठे जाते, वॉशर कुठल्या बाजूला आहे. प्रत्येक जोडाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालून चिठ्ठी टाकावी. जुन्या इंजिनाच्या कव्हरचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी बसवून आवळला तर केसिंग फुटतं, आणि ते नवं मिळत नाही.

अडकलेला स्क्रू हे या कामातलं सगळ्यात मोठं संकट. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये पोलादी स्क्रू वर्षानुवर्षं ओलीत राहिला की दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह चालतो, ॲल्युमिनियम फुलतं आणि स्क्रूचे आटे धरून ठेवतं. साध्या पेचकसाने जोर लावला की स्क्रूचं डोकं गोल होतं. मग छिन्नी, मग ड्रिल, मग वेल्डिंग. उपाय सावकाशीचा आहे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडायचं. तेही नसेल तर डिझेल. सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून वरून हातोडीचा ठोका द्यायचा. ठोक्याबरोबर टोक खाली दाबतं आणि त्याच क्षणी फिरतं, त्यामुळे ते घसरत नाही. तरीही हलला नाही तर हॉट एअर गनने भोवतालचं केसिंग तापवायचं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून भोक सैल होतं. पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर गाडीवर असताना हे करू नये.

लोखंडी भागांसाठी इथल्या लोकांनी दोन सौम्य रस्ते धरले आहेत आणि दोन्ही मला पटतात. पहिला लिंबूसत्वाचा, जे किराणा दुकानात मिळतं. एका लिटर कोमट पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम. आधी रॉकेल किंवा डिझेलने तेलकटपणा काढलेला भाग त्यात बुडवायचा आणि दर दोन-तीन तासांनी बाहेर काढून ब्रश मारून बघायचा. दिवाळीत पितळेची समई चिंचेने उजळते, त्यातलंच हे रसायन. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, इथे सायट्रिक. फार वेळ ठेवलं तर लोखंडावर काळपट रंग येतो आणि बारीक खड्डे पडतात. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, लगेच फडक्याने आणि गरम हवेने कोरडं करायचं आणि त्याच मिनिटाला तेलाचा हात फिरवायचा. नुकतं सोललेलं लोखंड पावसाळी हवेत चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा पिवळं पडतं.

दुसरा रस्ता विजेचा. प्लास्टिकची बादली, पाणी, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, लोखंडाचा एखादा भंगार तुकडा धन टोकाला, दोघांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. बुडबुडे येतात, पाणी विटकरी होतं. काही तासांनी लाल गंज काळा आणि भुसभुशीत झालेला असतो आणि ब्रशने निघतो. मूळ धातू जवळजवळ झिजत नाही, म्हणून पातळ पत्र्याला आणि कोरीव अक्षरांच्या भागांना हीच पद्धत उत्तम. हे काम उघड्यावरच करावं, कारण त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. इंटरनेटवर स्टीलचे चमचे लावून केलेले प्रयोग बघून आपल्याकडची मुलं तेच करतात, त्यांना हे सांगायला हवं.

स्प्रिंग आणि स्पोक मात्र या दोन्हींपासून लांब ठेवावेत. ताण सोसणाऱ्या कडक पोलादात आम्लातला किंवा विजेने सुटलेला हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. शॉकॲबसॉर्बरची स्प्रिंग वरून चकचकीत दिसते आणि एखाद्या खड्ड्यात तुटते. तिला तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि तेल एवढंच पुरे.

क्रोमबद्दल लोकांचे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. हँडल, रिम, सायलेन्सर, जुन्या जावाच्या टाकीचे कुशीकडचे चकाकते भाग, हे सगळं आपण क्रोम म्हणतो, पण चमक येते ती बरीचशी त्याखालच्या निकेलची. क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनच्या निम्म्याहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. त्या थराला न दिसणारी छिद्रं आणि चिरा असतात. पाणी तिथून निकेलमध्ये आणि निकेल फाटलं की लोखंडापर्यंत पोचतं. वर दिसतो तो टिपका तळातून फुटून आलेला असतो. त्यामुळे तारेच्या घासणीने आणि वाळूने जोरात घासणारा माणूस गंज काढत नसतो, गंजाला नवी दारं करून देत असतो. क्रोमवरच्या हलक्या टिपक्यांना स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून, पाण्यात बुडवून, हलक्या हाताने फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्याने ओरखडा पडत नाही, आणि गंज सुटतो. बोटांना काळा चिकट लेप लागतो तो पुसून टाकावा आणि वर मेणाचं पॉलिश लावावं. ते मेण पुढच्या पावसापर्यंत छिद्रं बुजवून ठेवतं. जिथे क्रोमची पापडी उचलली गेली आहे तिथे कुठलीही घरगुती युक्ती चालत नाही. जुना थर उतरवून, पत्रा बफ करून, पुन्हा निकेल आणि क्रोम चढवावं लागतं, आणि त्यासाठी इथले लोक भाग बांधून नागपूरला पाठवतात.

त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चाळीस वर्षांचं मूळ क्रोम थोडं काळवंडलेलं, दोन-चार टिपक्यांचं असलं तरी ते ठेवावं. नव्याने क्रोम करताना आधी बफ मारतात, त्यात कंपनीने उठवलेली अक्षरं, कडांची धार, चिन्हं गुळगुळीत होतात. सायलेन्सरचं नळकांडं सिलिंडरजवळ निळं-सोनेरी झालेलं असतं, तो उष्णतेचा रंग आहे. तोही गाडीच्या चालण्याचाच भाग. स्वस्तातलं क्रोम निकेलवर काटकसर करतं आणि एका पावसाळ्यात सोलतं. शिवाय क्रोम चढवण्याच्या जुन्या पद्धतीत वापरलं जाणारं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते काम करणाऱ्याच्या हातात हातमोजे आणि नाकावर मास्क आहे का, त्याचं पाणी कुठे जातं, हे विचारूनच भाग द्यावा.

ॲल्युमिनियमचं काम त्या मानाने समाधानाचं. क्लचकव्हर, मॅग्नेटकव्हर, ब्रेकची ड्रम प्लेट यांच्यावर पांढरट, खडूसारखी भुकटी धरलेली असते. तो ॲल्युमिनियमचा गंज. आधी डिझेल आणि ब्रशने तेल-चिखलाचा थर काढायचा. मग पाण्याचा पॉलिश पेपर, खोल ओरखडे असतील तर 400 पासून, नाहीतर 800 पासून. मग 1000, 1500, 2000. प्रत्येक नंबरला आडवं-उभं दिशा बदलून घासायचं, म्हणजे आधीच्या नंबरच्या रेषा गेल्या की नाही ते दिसतं. घाईत एक नंबर गाळला तर बफ मारल्यावर त्या रेषा उन्हात लखलखत वर येतात आणि पुन्हा मागे जावं लागतं. शेवटी कापडी बफ आणि बफिंगचा साबण. कव्हरच्या आतल्या, गॅस्केट बसते त्या सपाट कडेच्या वाटेला मात्र पॉलिश पेपर घेऊन जाऊ नये. तिथला एक ओरखडा म्हणजे आयुष्यभराची तेलगळती. सिलिंडरच्या पंख्यांनाही चकाकी आणू नये. मातीचा चोथा काढला की त्यांचं काम भागतं. राखेच्या आणि चिखलाच्या थराखाली पंखे बुजले की टू-स्ट्रोक इंजिन विदर्भाच्या उन्हात गरम होऊन पिस्टन धरतं.

टाकीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण जुन्या गाड्या मरतात त्या तिथून. महिनोनमहिने अर्धी टाकी पेट्रोल ठेवून गाडी उभी केली जाते. दिवसा टाकी तापते, रात्री गार होते, आतल्या हवेतली ओल पत्र्याला धरते आणि थेंब होऊन तळाशी जाते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि ते जास्त झालं की पाणी-इथेनॉलचा वेगळा थर तळाशी बसतो. जुन्या टाकीचा तळ आणि नळातलं जुनं रबर, दोन्हींना तो घातक. गंजाचा चुरा पेट्रोलबरोबर कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो आणि मालक म्हणतो, इंजिन गेलं.

टाकी उतरवायची, पेट्रोलचा नळ खोलायचा, भोक बंद करायचं. आत मूठभर नट किंवा जुन्या सायकलच्या चेनचे तुकडे टाकायचे. किती टाकले ते आधी मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवायचं, कारण एक तरी आत राहिला तर तो पुढे खडखडत राहतो आणि नळाच्या तोंडाशी अडतो. थोडं रॉकेल घालून, टाकी गोधडीत गुंडाळून, दोघांनी धरून हलवायची. डावीकडे, उजवीकडे, उलटी. लाल चिखल बाहेर येतो. तो येणं थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. नंतर साबणाच्या पाण्याने रॉकेल पूर्ण काढून लिंबूसत्वाचं द्रावण काठोकाठ भरायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी टॉर्च टाकून बघावं. आत राखाडी स्वच्छ पत्रा दिसला की सोड्याच्या पाण्याने धुऊन, शेवटी थोडा स्पिरिट फिरवून, केस वाळवायच्या यंत्राने गार हवा सोडत कोरडी करायची. स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत गरम हवा आत सोडायची नाही. मग अर्धा कप टू-टी ऑइल आत ओतून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवायची. टाकीला भोक असेल तर मात्र घरी काही करू नये. वर्षभर रिकामी असलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते, आणि अशा टाकीला वेल्डिंगची ठिणगी लावून माणसं मेली आहेत. जाणकार डाग देणारा टाकी धुऊन, पाण्याने भरून, डाग देण्यापुरतीच जागा मोकळी ठेवतो.

पुरात बुडालेली गाडी हे वेगळं प्रकरण. भामरागड, सिरोंचाकडचे मिस्त्री अशा गाडीला किक मारू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाळ बेअरिंगमध्ये गेलेला असतो, तो फिरवला की वाळूने घासल्यासारखा चरे पाडतो. आधी स्वच्छ पाण्याने बाहेरून गाळ धुवायचा, स्पार्क प्लग काढायचा, गाडी तिरपी करून पाणी काढायचं, गिअरबॉक्सचं तेल सोडून द्यायचं (ते दुधाळ झालेलं असतं), सिलिंडरमध्ये थोडं डिझेल-ऑइल ओतून हाताने हळूहळू फिरवून बघायचं. हे पाणी ओसरल्यापासून दोन-तीन दिवसांत झालं तर गाडी वाचते. महिन्याने आणलेली गाडी पूर्ण खोलावी लागते आणि तेव्हा क्रँकचं बेअरिंग लाल झालेलं असतं.

रंगाबद्दल थोडक्यात. श्रावणात रंग मारू नये. ओल्या हवेत रंग पांढुरका पडतो आणि खाली ओल कोंडली की सहा महिन्यांत फोड येतात. दिवाळी ते होळी हा इथला रंगाचा मोसम. सांगाडा एमआयडीसीत ब्लास्टिंगला दिला तर चालतं, टाकीचा पातळ पत्रा देऊ नये, तो लाटांसारखा वाकतो. आणि सांगाडा देताना चेसिस नंबरवर जाड टेप चिकटवूनच द्यावा.

हा नंबर सगळ्यात महत्त्वाचा धातू. हँडलच्या नळीवर किंवा चौकटीवर ठोकलेले ते आठ-दहा आकडे पॉलिश पेपरने फिके झाले, ग्राइंडरने गेले किंवा पुट्टीखाली दडले, तर गाडी कागदावर उरत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतात. तो उमटला नाही की संशय सुरू होतो. एमएच 34 असो की एमएच 33, नियम एकच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याचं शुल्क दुचाकीसाठी एप्रिल 2022 पासून तीनशेवरून हजार रुपये झालं, आणि वीस वर्षांवरच्या दुचाकीला ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने दोन हजार. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीसाठी जुलै 2021 च्या नियमांनी वेगळी विंटेज नोंदणी आली. तिच्या नंबरात व्हीए ही अक्षरं असतात, शुल्क वीस हजार, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. मूळ रूप हा शब्द तिथे मोलाचा. चकाकीच्या नादात हँडल, टाकी, सायलेन्सर बाजारातले नवे बसवले तर ती पात्रता जाते. 1970 च्या आसपासच्या जावा आणि राजदूत आता त्या वयाला पोचल्या आहेत, आणि गावागावांत गोठ्याच्या आडोशाला पडून आहेत. त्यांचे मालक बहुधा त्यांना वजनावर विकतात.

सफाईच्या पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. गंजाचं पाणी निरुपद्रवी आहे, लिंबूसत्वाचंही सोडा घातल्यावर तसंच. पण जुनं इंजिन ऑइल, रंग सोडवलेलं कॉस्टिकचं पाणी, ॲसिड हे झरपट नदीत किंवा गावच्या बोडीत जाऊ नये. चंद्रपूरच्या पाण्यावर आधीच पुरेसा भार आहे. जुनं ऑइल डब्यात साठवून ते विकत घेणाऱ्याला द्यावं. ॲसिड तर वापरूच नये. त्याची गरज पडते असा गंज मी या कामात फार थोडा पाहिला.

तुमच्या घरी, मामाच्या गावी, शाळेमागच्या खोलीत अशी एखादी गाडी उभी असेल, तर या दिवाळीत भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. तिचं आरसी बुक शोधा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल सोडा आणि किक हाताने हळू फिरवून बघा. क्रोमवर मेण, लोखंडावर तेलाचा हात. चेसिस नंबर मऊ ब्रशने साफ करून वाचा आणि कागदावर उतरवून ठेवा. गाडी विटांवर चढवून मधल्या स्टँडवर उभी करा, चाकं जमिनीला टेकू देऊ नका. वरून प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, तिच्याखाली घाम धरतो. जुनं सुती पातळ किंवा धोतर टाका. मग ती दुरुस्त करायची की नाही, हे सावकाश ठरवा.